एका पेलेचा सिनेमा, चोवीस संघांची लीग

परवा शुक्रवारी आमच्या लॅबची मीटिंग लवकर आटोपली, आणि एका ज्युनिअरने प्रोजेक्टरवर 'वन्स इन अ लाइफटाइम' हा माहितीपट लावला. २००६ सालचा, पॉल क्राउडर आणि जॉन डॉवर यांचा. विषय न्यूयॉर्क कॉसमॉस हा फुटबॉल संघ आणि तो ज्या लीगमध्ये खेळायचा ती नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग. १९६८ मध्ये सुरू झाली, १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली. दीड तास कुणी जागचं हललं नाही. सिनेमा संपल्यावर ज्युनिअर म्हणाला, "म्हणजे पेले गेला आणि लीग मेली. सिंपल."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "डेटा काय म्हणतो?" त्यावरून वाद झाला, आणि वादावरून ही पोस्ट.

आधी सिनेमाचं श्रेय सिनेमाला. तो अतिशय रंगतदार आहे. वॉर्नर कम्युनिकेशन्सचा स्टीव्ह रॉस एक संघ पाळतो आणि १९७५ मध्ये त्यात चक्क पेलेला आणतो. पहिला सामना टीव्हीवर दिसणार म्हणून उजाड मैदानाला हिरवा रंग फासतात. मग बेकेनबाउर येतो, कार्लोस आल्बर्तो येतो, कीनालियाची भांडणं होतात. १९७७ मध्ये जायंट्स स्टेडियममध्ये एका सामन्याला ७७,६९१ लोक जमतात. मुलाखतींत एकाचं म्हणणं दुसरा खोडून काढतो आणि दिग्दर्शक ते मिटवत बसत नाहीत, तसंच शेजारी शेजारी ठेवतात. मला हे फार आवडलं. आठवण हा कच्चा पुरावा असतो, हे प्रेक्षकाला व्याख्यान न देता कळतं.

गडबड होते ती शेवटाकडे. सिनेमाचं नाव कॉसमॉसचं आहे, त्यामुळे कॅमेरा न्यूयॉर्क सोडून फारसा हलत नाही याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी तो अख्ख्या लीगच्या मरणाची गोष्ट सांगायला लागतो, आणि तीही न्यूयॉर्कच्याच खिडकीतून. इथे मला माझी डबकी आठवली.

माझं संशोधन तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात पश्चिम घाटातल्या सड्यांवर जी डबकी साचतात, त्यांतले बेडूकमासे मी मोजते. समजा दहा डबकी आहेत. नऊ डबक्यांत प्रत्येकी पाच बेडूकमासे, दहाव्यात दोनशे. सरासरी येते साडेचोवीस. आता सड्यावर फिरून बघा, चोवीस-पंचवीस बेडूकमासे असलेलं एकही डबकं सापडणार नाही. आणि दहाव्याच डबक्याचा फोटो काढून आणलात, तर तुमचे गाइड म्हणतील, "वा, काय सडा आहे!"

१९७८ च्या हंगामात लीगमध्ये २४ संघ होते. सामन्यागणिक सरासरी प्रेक्षक १३,०८४. कॉसमॉसची घरच्या मैदानावरची सरासरी ४७,८५६. कॉसमॉस बाजूला काढून उरलेल्या २३ संघांची सरासरी काढा, साधारण साडेअकरा हजार येते. म्हणजे कॉसमॉसची गर्दी इतरांच्या चौपट. हे आपलं दहावं डबकं. फोटो त्याचा निघाला, सिनेमाही त्याचाच निघाला.

आता नेहमी सांगितली जाणारी कारणं तारखांवर ताडून पाहू. कार्यकारणाचा पहिला नियम सोपा आहे, कारण आधी आणि परिणाम नंतर.

पहिलं कारण, पेले गेला. पेलेचा निरोपाचा सामना १ ऑक्टोबर १९७७ ला झाला. (त्याच्या आठवडाभर आधी, २४ सप्टेंबरला, तो कॉसमॉसबरोबर कोलकात्यात होता. ईडन गार्डन्सवर मोहन बागानने त्यांना २-२ असं रोखलं. आपल्याकडे कॉसमॉस हे नाव माहीत आहे ते बहुतेक त्या एका संध्याकाळीमुळे.) मग १९७८ मध्ये लीग कोसळली का? उलट, १८ संघांची २४ झाली. प्रेक्षकांची सरासरी सगळ्यात वर गेली ती १९८० मध्ये, चौदा हजारांच्या पुढे. पेले जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

दुसरं कारण, वॉर्नरचं दिवाळं वाजायची वेळ आली. वॉर्नरच्या मालकीची अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी गाळात गेली आणि कॉसमॉसचा पैसा आटला, हे खरंच आहे. पण अटारीची मोठी घसरण सुरू झाली १९८२ च्या अखेरीस. संघांची संख्या बघा: १९८० मध्ये २४, १९८१ मध्ये २१, १९८२ मध्ये १४. म्हणजे अटारी घसरण्याआधीच लीगमधले दहा संघ कमी झाले होते.

तिसरं कारण, १९८६ चा वर्ल्ड कप अमेरिकेला मिळाला नाही. तो मेक्सिकोला देण्याचा निर्णय झाला मे १९८३ मध्ये. त्या हंगामात संघ उरले होते १२. पुढच्या वर्षी ९, आणि १९८५ मध्ये लीग थांबली.

या तिन्ही धक्क्यांनी शेवट लवकर आणला असेल, मान्य. पण दुखणं जुनं होतं. माझ्या मते ते १९७८ मध्येच उघड दिसतं, एका झटक्यात सहा नवे संघ घेतले तेव्हा. त्यांना प्रेक्षक साडेअकरा हजारांच्या आसपासचे मिळणार होते, पण स्पर्धा करायची होती ती वॉर्नरच्या तिजोरीशी. पगारांवर परिणामकारक लगाम नव्हता. न्यूयॉर्कने बेकेनबाउर आणला की आपल्यालाही कुणीतरी युरोपातला आणावाच लागतो. एबीसी वाहिनीने १९७९ मध्ये सामने दाखवायला सुरुवात केली आणि १९८० नंतर अंग काढून घेतलं. मग देशभर पोचणाऱ्या टीव्हीच्या भरवशावर केलेली गणितं उघडी पडली. शेजाऱ्याच्या घरी बँडबाजा आहे म्हणून आपणही कर्ज काढून लग्न करायचं, त्यातला प्रकार.

हे मी आज मागे वळून शहाणपणाने बोलतेय असं वाटेल. पण लीगला हा अनुभव आधीच आलेला होता. १९६८ मध्ये १७ संघांनी सुरुवात केली होती, पुढच्या वर्षी उरले ५. त्या पाचांत एक होता डॅलस टोर्नेडो. १९६८ मध्ये त्यांनी ३२ पैकी फक्त २ सामने जिंकले. तरी मालक लामार हंट टिकून राहिला, संघ १९८१ पर्यंत खेळला. १९७३ मध्ये याच संघाचा काइल रोट ज्युनिअर पहिल्याच हंगामात लीगमधला सर्वाधिक गुणांचा खेळाडू ठरला, तोही अमेरिकेत जन्मलेला. आणि हाच हंट १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांत होता. नव्या लीगने सुरुवात १० संघांनी केली, खेळाडूंचे करार संघाऐवजी लीगशी केले आणि पगारांना मर्यादा घातली. जुन्या लीगचं शवविच्छेदन कुणीतरी नीट वाचलं होतं.

म्हणून सिनेमावर माझा मुख्य आक्षेप हा: तो भपक्याची गोष्ट सांगतो आणि टिकण्याची गाळतो. त्या लीगमधून आज काय उरलंय? सिएटल साउंडर्स, पोर्टलँड टिंबर्स, व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स, सॅन होजे अर्थक्वेक्स. ही सगळी नावं त्या जुन्या लीगमधली आहेत आणि आज मेजर लीग सॉकरमध्ये खेळतात. कॉसमॉस मात्र त्या लीगमध्ये कधीच आला नाही. ज्या शहरांत कॅमेरा रेंगाळला नाही, तिथल्या लोकांनी नावं जपली.

तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकेचं आपल्याला काय? सांगते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मी बारावीत होते. दिल्लीत देल पिएरो, मुंबईत आनेल्का, गोव्यात पिरेस आणि आमच्या पुण्यात त्रेझेगे. आम्ही चौघी मैत्रिणी दोन स्कूटींवर बालेवाडीला गेलो ते त्रेझेगेला बघायला. घसा बसेपर्यंत ओरडलो. एफसी पुणे सिटीचा शेवटचा हंगाम २०१८-१९ चा. आज त्या संघातल्या पुण्याच्या एखाद्या मुलाचं नाव सांग म्हटलं, तर मला सांगता येत नाही. मी दहाव्या डबक्याचा फोटो घेऊन घरी आले होते.

उद्या कुणी आपल्याकडच्या बंद पडलेल्या संघांवर सिनेमा काढला, तर तोही त्रेझेगेपासून सुरू होईल आणि आपण आवडीने बघू. पण पुढची लीग उभारणारे तो बघून शिकणार असतील, तर "मोठा खेळाडू आणा, गर्दी होईल" एवढंच शिकतील. हा धडा १९७८ मध्येच चोवीस संघांवर तपासून झालाय, आणि निकाल आपल्यासमोर आहे.

सिनेमा जरूर बघा. फक्त शेवटची वीस मिनिटं बघताना शेजारी एक कागद ठेवा आणि त्यावर ओळीने लिहा: २४, २१, १४, १२, ९. ज्युनिअरने आता ते लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवलंय. पुसू देत नाही.