नह्वमीर, काफिया आणि तुलनेचा निकष

दोन पुस्तकं शेजारी ठेवायची, एकाला सोपं, दुसऱ्याला अवघड म्हणायचं, की झाली तुलना! मदरशांतल्या अरबी व्याकरणाच्या पुस्तकांवर तुम्ही काही लिहिणार असाल, तर हा मोह टाळा. अक्कलकुवा, मालेगाव इथे मोठे निवासी मदरसे आहेत; विषय काही दूरचा नाही.

आधी मांडणी बघा. वाक्यरचनेच्या व्याकरणाला तिथे ‘नह्व’ म्हणतात. त्याचा मुख्य प्रश्न असा, की शब्दाचा शेवट का बदलतो? ‘झरबा झैदुन अम्रन’ हे ठरलेलं उदाहरण, म्हणजे झैदने अम्रला मारलं. (शतकानुशतकं बिचारा अम्रच मार खातोय.) आपले ‘ने’ आणि ‘ला’ जे काम करतात, ते इथे ‘उन’ आणि ‘अन’ करतात. अकराव्या शतकातल्या अब्दुल काहिर जुर्जानींनी असे बदल घडवणारे १०० घटक मोजले, ९८ शब्दातले आणि २ अर्थातले. म्हणजे कारणावरून मांडणी. तेराव्या शतकातल्या इब्नुल हाजिबच्या ‘काफिया’त मात्र नामांचे गट परिणामावरून पाडलेत: कर्त्यासारखी एका गटात, कर्मासारखी दुसऱ्यात, संबंध दाखवणारी तिसऱ्यात. पहिली यादी पाठ करायला बरी, पण समोरचं वाक्य उलगडताना मला दुसरी मांडणी जास्त उपयोगी वाटते.

आता भाषा. ‘नह्वमीर’ हे सुरुवातीचं पुस्तक चक्क फारसीत आहे. लेखक मीर सय्यद शरीफ जुर्जानी, मृत्यू १४१३ (वरचे जुर्जानी वेगळे, टिपणात गल्लत करू नका). अहमदनगरला निजामशाही होती तेव्हा फारसी दरबाराची भाषा होती, शिकलेल्या माणसाला ती यायचीच. आज समजा आमच्या देवळाली प्रवरातला एखादा मुलगा मदरशात गेला. घरी दखनी, बाजारात मराठी. त्याला अरबीसाठी आधी फारसीचा उंबरठा ओलांडावा लागतो, नाहीतर उर्दू टीकेचा आधार घ्यावा लागतो. हा दोष पुस्तकाचा नाही, ते अजून त्याच जागी ठेवणाऱ्या अभ्यासक्रमाचा आहे, असं माझं स्पष्ट मत.

‘काफिया’ला दुर्बोध म्हणणं मात्र अन्यायाचं. ते मुद्दाम आखूड ठेवलेलं आहे, उरलेलं शिक्षकाने बोलायचं. पंधराव्या शतकात कवी जामींनी मुलाला, झियाउद्दीनला, शिकवण्यासाठी त्यावर टीका लिहिली, तीही मदरशांत पाठ्यपुस्तक झाली. याउलट अली अल-जारिम आणि मुस्तफा अमीन या इजिप्तच्या जोडीचं विसाव्या शतकातलं ‘अन-नह्व अल-वाझिह’ आधी उदाहरणं देतं, मग चर्चा, शेवटी नियम. ते एकट्याने वाचता येतं. या दोघांची पानाला पान लावून तुलना केलीत, तर एका बाजूचा शिक्षक तुम्ही वगळलेला असतो.

म्हणून प्रस्तावात पुस्तकांच्या नावांपुढे दोन रकाने वाढवा: वर्गात सोबत कुठली टीका उघडली जाते, आणि समजावणं कुठल्या भाषेत चालतं. हे तासाला बसूनच कळेल.