छप्पन्न दिवसांनंतरचा फिरंगोजी

आपल्या ऐतिहासिक वाङ्मयाला मरणाऱ्या वीराची फार ओढ आहे. वीर धारातीर्थी पडला की लेखकाचे काम सोपे होते. जो जगला त्याचे पुढे काय करावे, हे मात्र त्याला सुचत नाही. चाकणच्या फिरंगोजी नरसाळ्याच्या कथा वाचताना मला हे वारंवार जाणवले आहे. मी याच पंचक्रोशीत शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्याही लिहितो. तेव्हा ही तक्रार परक्याची नव्हे, घरचीच समजावी.

१६६० सालचा पावसाळा आठवा. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. त्याच दिवसांत इकडे शाइस्ताखान चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घालून बसला होता. किल्ला भुईकोट, डोंगराचा आधार नाही. महाराज पन्हाळा-विशाळगडाच्या धामधुमीत, त्यामुळे कुमकेची आशाही नाही. तरी २१ जूनपासून फिरंगोजीने छप्पन्न दिवस किल्ला झुंजवला. १४ ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा मागे मातीचा बांध घालून त्याची माणसे पुन्हा भिडली. दुसऱ्या दिवशी भाऊसिंग हाड्याच्या मध्यस्थीने त्याने किल्ला खाली करून दिला. मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले, असा आकडा जदुनाथ सरकारांनी दिला आहे.

बाजीप्रभूंवर कविता झाल्या, पोवाडे झाले; ते व्हायलाच हवे होते. पण फिरंगोजीची कथा सांगणारे बुरूज उडेपर्यंत रंगतात आणि पुढचे दोन ओळींत उरकतात. माझ्या मते खरी कथा तेथेच सुरू होते. मोगलांच्या लेखी हा बंडखोरांचा एक किल्लेदार. खानाने त्याला बादशाही चाकरी देऊ केली. त्याने ती नाकारली आणि किल्ला गमावलेला हा माणूस आपल्या धन्यापुढे येऊन उभा राहिला. महाराजांनी त्याचा मान केला. त्या वाटेवर त्याच्या मनात काय चालले असेल? सुरुंगाच्या धुरात हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

हा दोष केवळ आपला नव्हे. सीरियातल्या होम्स शहराचा अब्दुल बासेत सारूत हा फुटबॉलचा गोलरक्षक. यादवीत तो बंडखोरांचा म्होरक्या झाला. तलाल देर्की यांच्या २०१३ सालच्या ‘रिटर्न टू होम्स’ या बोलपटाने वेढ्यातला सारूत जगापुढे नेला. पण २०१४ च्या मेमध्ये तहानुसार बंडखोरांनी होम्स सोडले, पुढे जहाल गटांशी जवळीक केल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि २०१९ च्या जूनमध्ये तो लढाईत मेला. बोलपटातल्या तरुणापेक्षा हा पुढचा माणूस समजायला अवघड आहे. म्हणूनच जगाने आठवणीत ठेवला तो पहिला.

फिरंगोजीच्या बाबतीत ही अडचण भूपाळगडाची आहे. १६७९ च्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने तो गड घेतला, तेव्हा युवराज संभाजीराजे मोगलांच्या छावणीत होते आणि गडाचा किल्लेदार फिरंगोजीच होता, असे परंपरा सांगते. समोर शत्रू, आणि त्या शत्रूत धन्याचा मुलगा! तोफ डागावी कोणावर? त्याच्या अखेरीविषयी कथाकारांत एकवाक्यता नाही. जो तो आपल्या सोयीचा शेवट निवडतो. कादंबरीकाराने मात्र सोयीचा शेवट न शोधता त्या पेचातच उभे राहायला हवे.

आज मोटार-कारखान्यांचा माल वाहणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत चाकणचे ते पडके बुरूज उभे आहेत. या सुट्टीत मुलांना घेऊन तेथे अवश्य जा. किती दिवस लढला हे त्यांना सांगाच. पण हरल्यावरही तो विकला गेला नाही, हे आधी सांगा.