'हा खरा धर्म नव्हे'

वर्गात बाबासाहेबांचे 'जातिनिर्मूलन' शिकवू लागलो की एखादा सहृदय सहकारी हमखास म्हणतो, "अहो सर, पण हा खरा धर्म नव्हे." माणूस वाईट नाही. पण त्याचे हे वाक्य समाजात कोणते काम करते, हे तपासलेच पाहिजे.

एप्रिल १९३६. जयपूर संस्थानातील चकवारा गावी तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने जातबांधवांना जेवण दिले. पानात तूप वाढले. अस्पृश्यांनी तूप खावे हे सवर्णांना सोसले नाही. शेकडो लोक लाठ्या घेऊन आले, त्यांनी अन्न नासवले, जेवणाऱ्यांना झोडपले. बाबासाहेबांनी ही घटना नोंदवली आणि तिच्यामागचे मूळ दाखवले. लोक जात पाळतात ते धर्माज्ञा मानून. म्हणून घाव घालायचा तो शास्त्रांच्या प्रामाण्यावर.

हे भाषण लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले होते. हे मंडळ कर्मठांचे नव्हते, आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारकांचे होते. चकवाऱ्याची लाठी त्यांनी कधीच उचलली नसती. पण वेदशास्त्रांवर टीका येताच त्यांनी मजकूर गाळण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी नकार दिला आणि परिषद बारगळली. भाषण त्यांना स्वखर्चाने छापावे लागले.

जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून उत्तर दिले. धर्माची पारख त्याच्या हीन नमुन्यांवरून नव्हे, तर उत्तम नमुन्यांवरून करावी, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी ज्ञानदेव, तुकाराम, चैतन्य यांची नावे घेतली. बाबासाहेबांनी दाखवून दिले की संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतील नव्हे. शिवाय सामान्य माणूस संताला हात जोडतो, पण आज्ञा शास्त्राची पाळतो.

मग मवाळ श्रद्धावान दोषी आहे काय? लाठीचा दोष त्याच्या माथी मारू नये. केवळ एका धर्मात जन्मला म्हणून माणसाला गुन्हेगार ठरवणे ही तर जातीचीच रीत झाली. पण ज्या प्रामाण्याच्या आधाराने लाठी उगारली जाते, त्याची राखण तो करत असेल आणि त्यावर बोट ठेवणाऱ्यालाच गप्प करत असेल, तर त्या राखणदारीची जबाबदारी त्याचीच आहे.

हीच फूटपट्टी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. बाबासाहेब १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच देशात विराथूसारख्या भिक्खूंनी मुसलमानांविरुद्ध द्वेष पेरला. पुढे ऑगस्ट २०१७ पासून लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. तेव्हा आपल्यातील कितीजण "तो खरा धम्म नव्हे" एवढेच म्हणून मोकळे झाले? मीही त्यांतलाच एक होतो. लाहोरच्या सुधारकांना जाब विचारायचा असेल, तर आधी आपल्या विहारात उभे राहून चीवरधाऱ्यालाही जाब विचारता आला पाहिजे.