कट्यारीची धार आणि मूठ

शस्त्रांवरचे मराठी लेखन बहुधा लढाई, घडण आणि मालकी यांभोवती फिरते. मला ते अपुरे वाटते. आमच्या सुप्याच्या परिसरातल्या लग्नांत नवरदेवाच्या हाती टोकाला लिंबू खोचलेली कट्यार असते. हळद लागली की ती त्याने जवळच बाळगायची, दृष्ट आणि बाधा टळावी म्हणून. टोक लिंबात बुडाले तरी कट्यारीचे काम थांबत नाही.

जावा बेटावरचा क्रिस हा खंजीर याच जातीचा. वाडवडिलांकडून आलेल्या अशा वस्तूला तिथे ‘पुसाका’ म्हणतात. सुरो महिन्यात क्रिसला विधिपूर्वक स्नान घालतात. नवरदेव तो कमरेला मागे खोवतो. २००५ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले. आपली खंडेनवमीची शस्त्रपूजा याच भावाची.

हल्ली कट्यार फेट्याबरोबर भाड्याने मिळते. त्यावर हळहळणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. लिंबू खोचले की भाड्याची कट्यारही राखण करते, अशी श्रद्धा ठेवता येते. पण आजोबांनी आपल्या लग्नात धरलेली मूठ नातवाच्या हाती येते, तेव्हा पूर्वजही मांडवात येतात. ते भाड्याने मिळत नाही. शस्त्रांच्या अभ्यासकांनी पात्याइतकीच ही झिजलेली मूठही तपासावी.