प्रेरणा आधी की काम? : सोनाबाई रजवार यांच्या मातीकामाविषयी

कलाकाराला आधी काहीतरी स्फुरते आणि मग तो कामाला बसतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. हे गृहीतक तपासण्यासाठी या टिपणात सोनाबाई रजवार यांचे मातीकाम पाहू.

पार्श्वभूमी

सोनाबाई छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावच्या. लहान वयात त्यांचे लग्न झाले आणि पतीने त्यांना सुमारे १५ वर्षे घरात जवळजवळ एकांतात ठेवले. लहान मुलाला खेळायला काही हवे, म्हणून त्यांनी मातीची खेळणी केली. पुढे भिंतींवर पक्षी, झाडे, माणसे उठावात आली आणि अंगणाभोवतीच्या ओसरीत जाळ्या उभ्या राहिल्या. १९८३ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी लोककलेचे नमुने गोळा करणारी मंडळी या घरी पोहोचली. सरगुजा तेव्हा मध्य प्रदेशात होता. नंतर सोनाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार आणि १९८६ मध्ये तुलसी सन्मान मिळाला. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रचलित अर्थ आणि त्यातील उणीव

'एकांतवासाने कलाकार घडवला' अशी ही कथा बहुधा सांगितली जाते. ती ऐकायला छान वाटते, पण दोन ठिकाणी चुकते. एक म्हणजे ती अन्यायाला श्रेय देते. चार भिंतींत कोंडलेल्या असंख्य स्त्रियांच्या हातून काहीही घडू दिले गेले नाही, हे ती विसरते. दुसरे म्हणजे ती परंपरा पुसून टाकते. कापणीनंतर घर सारवून भिंतींवर मातीचे उठाव करणे ही रजवार स्त्रियांची जुनी रीत आहे. सोनाबाईंच्या हातात हे कौशल्य शून्यातून आले नाही. त्यांनी जाळीला दिलेले महत्त्व आणि जाळीच्या गोलांत बसवलेले पक्षी व प्राणी, हे मात्र त्यांचे स्वतःचे.

जाळी कशी उभी राहते

बांबूच्या पट्ट्या वाकवून त्यांची वर्तुळे बांधायची आणि त्यांवर माती लिंपायची. ओली माती वाळताना आकसते आणि तडकते. तिच्यात भाताचा पेंढा मिसळला, तर तडा पसरत नाही. बांबू ताण सोसतो, माती दाब सोसते. आपण प्रबलित काँक्रीट शिकतो, त्यातही कामाची वाटणी अशीच असते. उन्हाळ्यात ही जाळी वारा आत घेते आणि ऊन गाळते. म्हणजे सजावट आणि गरज इथे वेगळ्या काढता येत नाहीत.

ही माती भाजलेली नाही. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसला मातीतील रासायनिक पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती पुन्हा चिखल होत नाही. भट्टी न लागलेली माती पावसात विरघळते, म्हणून दर वर्षी डागडुजी करावी लागते. स्टुडिओतल्या कुंभारकामात भट्टी उघडली की भांडे पूर्ण होते. सोनाबाईंचे घर हाच त्यांचा स्टुडिओ होता आणि तिथले काम कधीच पूर्ण होत नव्हते.

निष्कर्ष

माझ्या मते प्रेरणेचे उत्तर इथेच आहे. मुलासाठी एक खेळणे, मग उकाड्यासाठी एक जाळी, मग निघालेल्या पोपड्याची दुरुस्ती. प्रत्येक कामाने पुढचे काम समोर ठेवले. मन लागेपर्यंत थांबायची सोय नव्हती. काम करता करता मन लागत गेले असावे. एकांतवासाचे समर्थन यातून होत नाही. मोकळीक आणि सोबत मिळाली असती, तर त्यांनी आणखी काय केले असते, हा प्रश्न उरतोच.

संग्रहालयात ठेवलेली जाळी पाहताना हेही ध्यानात ठेवावे की तिच्यामागे आता अंगण नाही, ऊन नाही. आपल्याला तिचा आकार दिसतो, तिचे काम दिसत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. कलाकाराचे दुःख सांगितल्याशिवाय त्याच्या कामाचे मोल ठरवता येईल का?
२. तुमच्या घरातील हाताने केलेली एक वस्तू निवडा. ती कोणत्या गरजेतून आली आणि गरजेपेक्षा जास्त त्यात काय आहे, ते दहा ओळींत लिहा.