चित्रतुरग आणि शर्यतीची मोटार : ‘आसेत्तो कोर्सा इव्हो’च्या प्रथमानुभवाची समीक्षा

प्रस्तावना

मराठी समीक्षेने व्हिडिओ गेमकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. मुलांच्या करमणुकीचा, फार तर व्यसनाचा प्रश्न म्हणून तो मानसशास्त्राच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या चर्चेत येतो. कृती म्हणून त्याचे वाचन क्वचितच होते. त्यातही मोटारशर्यतीचे सिम्युलेशन हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकाला अधिकच परका वाटतो. त्यात कथानक नाही, पात्रे नाहीत, संवाद नाहीत. एक मोटार, एक रस्ता आणि एक घड्याळ एवढीच सामग्री. तथापि याच प्रकाराने साहित्यशास्त्रातील एक जुना प्रश्न, अनुकृतीचा प्रश्न, पुन्हा ऐरणीवर आणला आहे.

इटलीतील कुनोस सिमुलाझिओनी या संस्थेने ‘आसेत्तो कोर्सा इव्हो’ हा गेम १६ जानेवारी २०२५ रोजी संगणकासाठी विक्रीस आणला तो अपूर्णावस्थेत. कृती पुरी होण्याआधीच ग्राहकाने ती विकत घ्यावी, वापरावी आणि तिच्या घडणीविषयी आपले मत कळवावे, अशा या पद्धतीला ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. शीर्षकाचा इटालियन अर्थ शर्यतीसाठी केलेली मोटारीची जुळवणी असा होतो. पहिल्या आवृत्तीत २० मोटारी आणि ५ शर्यतमार्ग होते : इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच, इटलीतील इमोला, कॅलिफोर्नियातील लागुना सेका, ऑस्ट्रेलियातील माउंट पॅनोरमा आणि जपानमधील सुझुका. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या परिसरातील खुले रस्ते, म्हणजे ज्यांची आधी सर्वाधिक चर्चा झाली होती तो भाग, तीत नव्हता. खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रिया संमिश्र होत्या. अशा गेमच्या पहिल्या अनुभवावरील लेखनात एक गोष्ट मात्र नेहमी आढळते. स्तुती करणारा ‘अगदी खऱ्यासारखे’ म्हणतो आणि निंदा करणाराही ‘खऱ्यासारखे नाही’ असेच म्हणतो. निवाडे परस्परविरोधी, पण निकष एकच. हा निकष कितपत टिकतो, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

अनुकृतीचा जुना वाद

भरताच्या रससूत्राचे विवरण करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातील घोडा पाहून ‘हा घोडा’ अशी जी प्रतीती होते ती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयात्मक नव्हे आणि सादृश्याचीही नव्हे. ती या चौघींहून निराळी आहे. नटाच्या ठायी रामाची जी प्रतीती होते ती अशीच होय. पडद्यावरील मोटारीला हा न्याय इतका चपखल लागू पडतो की तो तिच्यासाठीच रचला असावा असे वाटावे. इमोलाच्या वळणावर ब्रेक दाबणारा खेळाडू आपण खुर्चीत बसलो आहोत हे विसरलेला नसतो; तरीही त्याचा पाय वेळेवर दाबला जातो आणि वेळ चुकली तर तोंडातून शब्द निघतो. ही भ्रांती नव्हे. संशयही नव्हे.

शंकुकावर भट्टतौताने घेतलेला आक्षेप अभिनवगुप्ताने सविस्तर नोंदवला आहे, आणि प्रस्तुत संदर्भात तोच अधिक मोलाचा आहे. अनुकरण हे अनुकरण म्हणून कळायचे तर मूळ आधी पाहिलेले असावे लागते. रामाला कोणी पाहिले आहे? मग नट रामाचे अनुकरण करतो हे प्रेक्षकाला कळते तरी कशाच्या आधारे? हाच प्रश्न येथे विचारून पाहावा. या गेममध्ये फेरारीची ‘४८८ चॅलेंज इव्हो’ ही केवळ शर्यतीसाठी बांधलेली मोटार आहे. ती इमोलावर प्रत्यक्ष चालवलेले लोक जगात मोजकेच असणार. उरलेले जेव्हा ‘अगदी खऱ्यासारखे’ म्हणतात, तेव्हा तुलनेची एक बाजू रिकामीच असते. त्यांनी पाहिलेली असतात दूरचित्रवाणीवरील शर्यतीची दृश्ये, चालकाच्या डोक्यावरील कॅमेऱ्याची चित्रफीत आणि याच प्रकारचे आधीचे गेम. अर्थात एका चित्राची तुलना दुसऱ्या चित्राशी होते आणि निकाल मात्र घोड्याच्या नावाने दिला जातो.

या आक्षेपाला अपवाद आहेत, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. निसान आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘जीटी अकॅडमी’ या स्पर्धेतून ‘ग्रान तुरिस्मो’ हा गेम खेळणाऱ्यांना प्रत्यक्ष शर्यतीत आणले गेले. २०११ चा विजेता यान मार्डनबरो हा २०१३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या चमूत होता. येथे ज्ञानाचा क्रम उलटला आहे. आधी चित्र, मग घोडा. अशा चालकाने ‘हे खऱ्यासारखे आहे’ म्हटले तर त्या विधानाला वजन आहे. पण त्याचे पहिले विधान ‘खरे त्या चित्रासारखे आहे’ असे असले पाहिजे, हेही तितकेच खरे. म्हणजे भट्टतौताचा आक्षेप खोडला जात नाही. कोणाच्या साक्षीला किती किंमत द्यायची एवढे त्याने ठरते.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशी जी दोन टोके दाखवली, त्यांपैकी पहिल्याकडे हा सारा व्यवहार झुकलेला आहे. गेमच्या निर्मात्यांची जाहिरातही तीच भाषा बोलते : लेसरने मोजलेला रस्ता, उत्पादकांकडून मिळालेली मोटारीची माहिती. मोजमाप अचूक असणे आणि अनुभव प्रत्ययकारी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र त्या भाषेत बुडून जाते.

हातांना कळते ते

मग खेळणाऱ्याला पहिल्या तासाभरात ‘खरे’ म्हणून नेमके काय जाणवते? याचे उत्तर बव्हंशी स्टीअरिंगमध्ये आहे. टेबलाला घट्ट बसवलेल्या या चाकामागे मोटर असते आणि ती गणितानुसार हातांना विरोध करते. वळणात टायर ज्या दिशेला तोंड करून असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो, त्यांत काही अंशांचा कोन पडतो. हा कोन वाढतो तशी पकड एका मर्यादेपर्यंत वाढते आणि पुढे घटते. स्टीअरिंगला सरळ करू पाहणारा जोर मात्र पकडीचा कळस येण्याच्या थोडा आधीच ओसरू लागतो. हातातले चाक किंचित हलके होते. चालकाला ती पूर्वसूचना असते : अजून थोडे, आणि मग संपले. हे हलकेपण ज्या गेमला साधत नाही त्यात चित्रे कितीही सुंदर असोत, खेळणारा आंधळाच राहतो.

‘इव्हो’च्या पहिल्या आवृत्तीचे बलस्थान येथेच आहे. अल्फा रोमिओची ‘जुलिया जीटीएएम’ ही मागच्या चाकांना जोर देणारी पेट्रोलवरील मोटार आणि दोन टनांहून जड अशी ह्युंदाईची विजेवरची ‘आयोनिक ५ एन’, या दोन्ही ब्रँड्स हॅचच्या पहिल्याच उतरत्या वळणावर आणल्या, तर वजन कुठून कुठे सरकते हे डोळ्यांआधी मनगटांना कळते. एकीला घाई केली तर मागचा भाग बाजूला येतो. दुसरीला घाई केली तर पुढचा भाग ऐकेनासा होतो. दर वेळी असेच होते. तीच चूक, तीच शिक्षा. मूळ न पाहिलेल्या खेळाडूलाही विश्वास वाटावा तो या सुसंगतीमुळे. सादृश्यापेक्षा कार्यकारणाची ही अबाधित साखळी ‘खरे’ या शब्दामागे उभी आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

येथे एक तपशील ध्यानात घेण्यासारखा आहे. खऱ्या मोटारीत चालकाला बरेचसे ज्ञान बैठकीतून, पाठीतून आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातून होते. घरातल्या खुर्चीत यांपैकी काहीच नाही. म्हणून पाठीचे काम हातांवर टाकावे लागते. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या मूळ ‘आसेत्तो कोर्सा’मध्ये रस्त्याचा खडबडीतपणा, कडेचे उंचवटे आणि टायरचे घसरणे यांचे धक्के स्टीअरिंगमध्ये वाढवून घेण्याची सोय होती. पुढची चाके सुटू लागल्याची जाणीव ठळक करणारी एक वेगळी खूणही होती. खऱ्या स्टीअरिंगमधून हे सारे इतक्या ठळकपणे येत नाही. म्हणजे अनुभव खरा वाटावा यासाठी त्यात खऱ्यात नसलेले काही मिसळावे लागते. हा व्यवहार नकलेपेक्षा भाषांतराला जवळचा आहे. मूळ भाषेतील स्वर लक्ष्य भाषेत नसला की भाषांतरकार शब्दक्रमातून त्याची भरपाई करतो, तसे हे आहे.

‘आयोनिक ५ एन’ने तर या चर्चेत गंमतच आणली आहे. या प्रत्यक्ष मोटारीला गिअर बदलण्याची गरज नाही. पण चालकाला मजा यावी म्हणून ती आठ गिअरांचे धक्के आणि इंजिनाचा आवाज कृत्रिमरीत्या निर्माण करते. मूळच सिम्युलेशन आहे. त्याचे सिम्युलेशन ‘खऱ्यासारखे’ झाले, या वाक्याचा अर्थ शंकुकानेही थोडा वेळ मागून घेऊन सांगितला असता.

भयाचा अभाव

लागुना सेकाच्या ‘कॉर्कस्क्रू’ या वळणजोडीत रस्ता सुमारे १४० मीटरांत १८ मीटर खाली कोसळतो. माथ्यावर येणाऱ्याला पुढचा रस्ता दिसतच नाही. सपाट पडद्यावर हा उतार पुष्कळसा चपटा होतो. खेळणारा तो पाहतो, पण पोटात खड्डा पडत नाही. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि घेरी असे चार वर्ग केले. शर्यतीच्या सिम्युलेशनमध्ये स्पर्धा आहे, सोंग आहे. घेरी मात्र नाही.

हा अभाव केवळ शारीरिक नाही. इमोला येथे १९९४ च्या एप्रिलअखेरीस आणि १ मे रोजी, लागोपाठच्या दोन दिवसांत, रोलंड रात्सेनबर्गर आणि आयर्टन सेना हे चालक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील मार्ग बदलण्यात आला. त्याच मार्गावर खेळणारा ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने भिंतीवर आदळतो आणि एक कळ दाबून पुन्हा प्रारंभरेषेवर येतो. लौकिक भयाचा असा लोप होणे ही रसानुभवाची पूर्वअटच आहे, असे कोणी म्हणेल. पण नाटकात लौकिक भय लोपते तेव्हा भयानक रस उरतो. येथे भय जाऊन उरते ती चिडचिड, गेलेल्या दोन मिनिटांची. चालकाचे कौशल्य ज्या जोखमीने घडले ती जोखीम वगळून त्या कौशल्याचे प्रतिरूप उभे करणे, ही या प्रकाराची मर्यादा आहे. लेसरच्या अधिक अचूक मोजणीने ती ओलांडली जाणार नाही.

अपूर्ण कृती आणि तिचे पाठ

पहिल्या अनुभवावर कितपत विसंबावे, हा प्रश्न यातूनच येतो. १९६७ च्या फॉर्म्युला वन हंगामावरील ‘ग्रां प्री लेजेंड्स’ हा पॅपायरस या अमेरिकी संस्थेचा गेम १९९८ मध्ये आला, तेव्हा पहिल्या काही वळणांतच मोटार गिरकी घेते हा बहुतेकांचा पहिला अनुभव होता. गेमची विक्री बेताची राहिली. आज सिम्युलेशनच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. पंख नसलेल्या, अरुंद टायरांच्या त्या मोटारी तशाच होत्या. अपरिचित ते अवास्तव ठरवले गेले. पहिल्या तासाला नियम सुसंगत आहेत की नाहीत एवढे सांगता येते. ते शिकण्याजोगे आहेत की नाहीत, हे सांगायला कित्येक आठवडे लागतात.

अपूर्ण कृतीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जे अद्याप नाही त्याचे श्रेय समीक्षकाने देऊ नये, हे उघड आहे. खुले रस्ते जाहीर झाले म्हणून पाच मार्गांच्या आवृत्तीला गुण वाढत नाहीत. पण जे आहे तेही स्थिर नसते. मूळ ‘आसेत्तो कोर्सा’ नोव्हेंबर २०१३ मध्ये अपूर्णावस्थेत आला आणि डिसेंबर २०१४ मध्ये पूर्ण म्हणून घोषित झाला. मधल्या तेरा महिन्यांत त्याच नावाखाली अनेक आवृत्त्या येऊन गेल्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती जुन्या पोथ्या टिकून होत्या म्हणून. येथे नवा पाठ जुन्यावर लिहिला जातो. खेळणाऱ्याच्या संगणकावर उरतो तो साधारणतः शेवटचाच.

अशा स्थितीत ‘खऱ्यासारखे’ एवढाच शेरा मारून थांबलेले परीक्षण वर्षभराने निरुपयोगी होते, कारण ते नेमक्या कोणत्या पाठाविषयी आहे हे कळत नाही. आवृत्तीचा क्रमांक, वापरलेले स्टीअरिंग, धक्क्यांची मांडणी, मोटार, मार्ग आणि किती फेऱ्यांनंतर काय जाणवले, एवढ्या नोंदी असतील तर १६ जानेवारी २०२५ चा ‘इव्हो’ कसा होता हे पुढच्या अभ्यासकाला निदान त्या नोंदींतून तरी पाहता येईल.