६४ टक्के अंमलबजावणी म्हणजे नेमकं काय?

पोलिस आणि मूलनिवासी समाज यांचे संबंध सुधारले की नाही, हे मोजायचं कशानं? प्रपोजलमध्ये ‘संबंध सुधारणे’ हे उद्दिष्ट आपण सहज लिहून टाकतो आणि मोजमापाचा रकाना मात्र मोकळा सोडतो. म्हणून आज एक अहवाल नीट तपासून बघू. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारसाठी डेलॉइट या सल्लागार कंपनीनं केलेला, २०१८ सालचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या कोठडीतल्या मृत्यूंवरून संताप वाढल्यावर १९८७ मध्ये तिथे रॉयल कमिशन नेमलं गेलं. कमिशननं १९८० ते १९८९ दरम्यानच्या ९९ मृत्यूंची चौकशी केली आणि १९९१ मध्ये ३३९ शिफारशी दिल्या. त्यांचं पुढे काय झालं, हे २०१८ च्या अहवालानं पाहायचं होतं. उत्तर आलं: ६४ टक्के शिफारशी पूर्णपणे अमलात आल्या.

फर्स्ट क्लास! आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांमध्ये मूलनिवासींचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. २०१८ मध्ये ते २८ टक्के झालं. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा तेव्हा जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि खरी गोम तिथेच आहे. अहवालानं मोजली ती सरकारची कृती. कायदा बदलला का, योजना काढली का, नियम केला का. त्यातून कोणाची अटक टळली का, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हता. शिवाय माहिती मुख्यतः सरकारांनीच दिलेली. म्हणजे पेपर ज्यानं लिहिला त्यानंच तपासायलाही मदत केली. ऑस्ट्रेलियातल्या अनेक अभ्यासकांनी अहवालाच्या व्याप्तीवर आणि पद्धतीवर एकत्रितपणे टीका केली, ती मला रास्त वाटते. माझा आणखी एक आक्षेप आहे. टक्केवारीत प्रत्येक शिफारस सारख्याच वजनाची होते. नोंदी कशा ठेवाव्यात ही एक शिफारस, आणि अटक हा शेवटचा उपाय असावा हीसुद्धा एकच.

या वजनाचा फरक किती मोठा आहे, हे कमिशनच्याच एका निष्कर्षातून कळतं. कोठडीत असलेल्या अ‍ॅबोरिजिनल व्यक्तीचा मृत्यू होण्याचं प्रमाण कोठडीतल्या इतरांपेक्षा जास्त नव्हतं, असं कमिशनला आढळलं. घाईत वाचणारा म्हणेल, मग भेदभाव कुठाय? छेद बघा. इथे छेदात फक्त आत गेलेले लोक आहेत. समजा आत गेल्यावर धोका दोघांनाही हजारात एक आहे, पण एका समाजाचे लोक लोकसंख्येच्या मानानं वीसपट आत जातात. मग त्या समाजातलं मृत्यूचं प्रमाण वीसपट होतं. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत.) खरा भेद कोठडीच्या दाराबाहेरच घडून गेलेला असतो. त्यामुळे कोठडी कितीही सुरक्षित केली तरी अटका कमी झाल्याशिवाय हे गणित हलत नाही.

सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन असणं हा गुन्हा राहू नये, ही शिफारस १९९१ चीच. व्हिक्टोरिया राज्यात तो गुन्हा तसाच राहिला. डिसेंबर २०१७ मध्ये टान्या डे ही यॉर्टा यॉर्टा समाजातली स्त्री ट्रेनमध्ये झोपली होती. या गुन्ह्याखाली तिला ताब्यात घेतलं, पोलिस कोठडीत पडून तिच्या डोक्याला मार लागला आणि पुढे ती वारली. तिच्या कुटुंबानं लढा दिला. कायदा प्रत्यक्षात बदलला नोव्हेंबर २०२३ मध्ये. ३३९ च्या तक्त्यात ही एका राज्याची एक चौकट!

मग मोजण्यासारखं काय आहे? न्यू साउथ वेल्समधली फोनची व्यवस्था बघा. अ‍ॅबोरिजिनल व्यक्तीला कोठडीत आणलं की पोलिसांनी अ‍ॅबोरिजिनल लीगल सर्व्हिसला कळवायचं. वकील चोवीस तास उपलब्ध. तो कायदेशीर सल्ला देतो, तब्येतीचीही चौकशी करतो. २००० मध्ये हे सुरू झाल्यापासून २०१६ पर्यंत तिथल्या पोलिस कोठडीत एकही अ‍ॅबोरिजिनल मृत्यू झाला नाही. संख्या लहान आहे, तुलनेचा गट नाही, तेव्हा श्रेय देताना हात आखडताच ठेवावा. पण २०१६ मध्ये जिचा मृत्यू झाला, तिच्याबाबत हा फोन गेलाच नव्हता. ती अटकेत नव्हती. नशेत असल्यामुळे तिला ‘तिच्याच सुरक्षिततेसाठी’ ठेवलं होतं, आणि नियम फक्त अटकेतल्यांना लागू होता. नियमातली ही फट २०१९ मध्ये बुजवली गेली.

तुलनेचा गट शोधणाऱ्यांसाठी एक धागा: वेस्टर्न ऑस्ट्रेलियात अशी सेवा सुरू व्हायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला.